अडीच फुटांची गादी

"कशावर झोपता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईच्या खाली," मी म्हणाले.

लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. मग मला नीट सांगावं लागलं. आईची कॉट भिंतीला लागून आहे, दवाखान्यात असते तसली, डोक्याकडून वर उचलता येणारी. समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट. कॉट आणि कपाट यांच्या मधे अडीच फूट फरशी उरते. तिथं मी गादी टाकते. तेवढ्याच रुंदीची गादी मी शिवून घेतली आहे, कारण त्याहून मोठी तिथं मावत नाही. कूस बदलताना गुडघा कपाटाला लागतो, म्हणून मी कूस बदलतच नाही. डावीकडे, आईच्या दिशेला तोंड करून झोपते.

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

डॉक्टरांनी माझा एमआरआय पुन्हा उजेडाकडे धरला, जणू ती सहा वर्षं त्यात कुठं दिसतात का ते बघत होते. मग म्हणाले, "औषधं देतो, व्यायाम देतो, पण जमिनीवर झोपणं बंद. खाली बसणं, तिथून उठणं, सगळं बंद. चांगली, पाठीला आधार देणारी गादी घ्या आणि पलंगावर झोपा. हे जमलं नाही तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

मी मान हलवली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढते आहे. पेशंट डॉक्टरांसमोर कशी मान हलवतात आणि बाहेर येऊन काय करतात, हे मला चांगलं माहीत आहे.

त्याच लॅबमध्ये आठवड्यापूर्वी माझी पाठ धरली होती. एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधायला वाकले आणि वर येता येईना. सुई हातात, आजोबा माझ्याकडे बघताहेत, आणि मी तशीच अर्धी वाकलेली. शेवटी त्यांनीच दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून मला खुर्चीवर बसवलं.

मी नवऱ्याच्या घरून परत आले त्याला अकरा वर्षं झाली. आले तेव्हा चार कपडे आणले होते, कारण चार दिवसांसाठीच आले होते. बाबा तेव्हाच गेलेले, दादा पुण्याला नोकरीत स्थिरावलेला, हर्सूलच्या या घरात आई एकटी. तिला सोबत झाली, मला छप्पर झालं. पुढं काय, हे कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पाच वर्षांनी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तीनच शब्द उरले: व्हय, नाय आणि ये. दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या दिवशी मी तिच्या कॉटशेजारी खाली सतरंजी टाकली. आजच्यापुरतं, असं मनात होतं. पहिल्याच आठवड्यात ती एकदा कॉटवरून घसरली, तेव्हापासून मी जुन्या ओढणीची पट्टी फाडून एक टोक तिच्या चांगल्या हाताला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधायला लागले. तिनं हात हलवला की मला कळावं म्हणून.

घरात आणखी एक खोली आहे. दादाची. त्याच्या लग्नात घेतलेला डबलबेड, त्यावर प्लास्टिक न काढलेली स्प्रिंगची गादी. तो आणि वहिनी दिवाळीला येतात, कधी मे महिन्यात दोन दिवस. बाकी वर्षभर मी त्या खोलीत झाडू मारते आणि दार ओढून घेते. दाराला कुलूप नव्हतं. इथं झोपू नकोस असं दादा कधी म्हणाला नाही, आई म्हणाली नाही. मला कुणी अडवलेलं नव्हतं, आणि तरी सहा वर्षांत एकदाही मी त्या पलंगाच्या कडेवर टेकलेसुद्धा नव्हते. हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

रविवारी दादाचा फोन आला.

"डॉक्टर म्हणाले गादी बदला," मी म्हणाले.

"घेऊन टाक ना. आईसाठी एकदम चांगली घे. मी बघतो ऑनलाइन, लिंक पाठवतो."

"आईची नाही. माझी."

"हां, हां, तुझ्यासाठीपण बघू. आईला पाठीला काही झालं का? जखमा वगैरे?"

"नाही."

"बघ हं, त्या फार वाईट असतात. तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

हे वाक्य तो दर रविवारी म्हणतो, अगदी मनापासून. आणि दर रविवारी ते ऐकलं की माझ्या छातीवर कुणी हळूच हात ठेवून दाबल्यासारखं होतं.

फुलंब्रीची मावशी आठ दिवसांसाठी आली म्हणून मला गादी बघायला जाता आलं. मावशी आईहून चार वर्षांनी धाकटी. शेतात राबलेली, आवाज मोठा, हात त्याहून मोठे. नळाला पाणी यायचा दिवस सोडून आम्ही दुपार ठरवली. आईचं जेवण, औषधं, डायपर, सगळं उरकून मी चारपर्यंत परत येते म्हणाले.

"जा की गं," मावशी म्हणाली. "चारला नाय आलीस तर काय जेलची गाडी येती व्हय न्यायला?"

हर्सूलचं जेल आमच्या घरापासून फार लांब नाही. मावशी हसली. मी हसले नाही, चप्पल घातली.

जालना रोडवरच्या त्या दुकानात मी याआधी काचेबाहेरूनच पाहिलं होतं. आत गार हवा, एका रांगेत मांडलेले पलंग, प्रत्येकावर पांढरीशुभ्र गादी. दुकानात एक म्हातारे चाचा होते. पांढरी दाढी, गळ्यात मोजायची टेप. पुढं बोलता बोलता कळलं की पूर्वी ते स्वतः कापूस पिंजून गाद्या भरायचे. ते काम संपलं तेव्हा मालकानं त्यांना इथं ठेवून घेतलं, कारण गादीला हात लावून ती किती वर्षं टिकेल ते त्यांना सांगता येतं.

मी एका गादीच्या काठावर बसून तिला दाबून पाहिलं.

"ताई, बसून गादी कळत नाही," चाचा म्हणाले. "झोपून बघावं लागतं. कुणासाठी पाहिजे?"

"आईसाठी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"वजन?"

"अठ्ठेचाळीस किलो."

"कशा झोपतात? पाठीवर की कुशीवर?"

"पाठीवर. दर दोन तासांनी कुशीवर करावं लागतं. उजवी बाजू काम करत नाही."

चाचा थांबले. "मग ताई, त्यांना ही गादी नाही चालायची. त्यांना हवेची लागते. मेडिकलवाल्याकडे मिळते, मशीनवर चालणारी."

"ती आहे आमच्याकडे."

"आहे?"

"सहा वर्षांपासून."

"मग ही कुणासाठी?"

इतका साधा प्रश्न. तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "बघते नुसतं," आणि त्यांची नजर टाळायला रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात जाड गादीकडे गेले. पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि आडवी झाले.

ती मेमरी फोमची होती. मी पाठ टेकली आणि गादी माझ्याखालून हळूहळू खाली जाऊ लागली. आधी कंबर, मग खांदे, मग टाचा. दोन्ही बाजूंनी फोम वर आला. क्षणभर फार बरं वाटलं, इतकं की डोळे मिटले. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. मी उठायला गेले, आणि पाठीत तीच कळ आली, लॅबमधली. हात दाबून उठायला बघितलं तर हात कोपरापर्यंत आत रुतला. टेकायला घट्ट असं काहीच मिळेना. फोन वाजत होता. मावशीचाच असणार. आई पडली असेल. आईला ठसका लागला असेल. फोन बंद झाला आणि परत सुरू झाला. मी उताणी, छताकडे बघत, भरदुपारी, जालना रोडवरच्या दुकानात, आणि मला माझा फोन घेता येत नव्हता.

"फोन," मी म्हणाले. आवाज रडका आला.

चाचांनी पर्स माझ्या हाताशी आणून दिली. मावशीच होती.

"अगं, साखर कुठं ठिवतीस?"

मी सांगितलं. फोन ठेवला आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. ते पुसायलाही हात नीट येत नव्हता.

"घाबरू नका," चाचा म्हणाले. ते हात न लावता शेजारी उभे राहिले. "सरळ उठायचं नाही. आधी गुडघे वाकवा. आता एका कुशीवर व्हा, पूर्ण. पाय खाली सोडा. आता हातानं गादी ढकला. पाय खाली जातील तसं अंग आपोआप वर येतं."

मी ऐकत होते आणि मला प्रत्येक पायरी आधीच ठाऊक होती. गुडघे, कूस, पाय, हात. दिवसातून आठ-दहा वेळा मी आईला असंच उठवते. फिजिओथेरपीच्या मुलीनं शिकवलेलं, मी आल्यागेल्याला शिकवलेलं. माझं स्वतःचं शरीर तसंच उठवता येतं, हे सहा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

बसते झाले. चाचांनी पाण्याचा ग्लास दिला.

"गादी तुमच्यासाठी आहे, ताई."

"हो," मी म्हणाले.

"मग आता नीट बघू."

त्यांनी मला दुसरीकडे नेलं. एकीत काथ्या होता, ती फळीसारखी. एक स्प्रिंगची, मी हलले की तीही हलायची. तिसरी वरून थोडी मऊ आणि आतून घट्ट. "कमरेखाली हात घालून बघा," ते म्हणाले. "हात मोकळा फिरला तर गादी कडक. हात जाईचना तर जास्त मऊ. अडत अडत गेला तर बरोबर." माझा हात अडत अडत गेला. "आता जशा घरी झोपता तशा झोपा. दहा मिनिटं. दोन मिनिटांत सगळ्याच गाद्या चांगल्या वाटतात."

घरी झोपते तशी म्हणजे डाव्या कुशीवर, एक हात वर कॉटच्या दिशेला. मी तशी झोपले. हात हवेत कुठं ठेवायचा ते कळेना. मग उजव्या कुशीवर वळले. कपाट नव्हतं. गुडघा कशालाच लागला नाही. मी पाय पूर्ण पसरला, आणि मला भीती वाटली. खरंच, भीती. वाटलं, हे आवडलं तर मग काय करायचं?

चाचा जाऊन दारापाशी बसले. दुसरा सेल्समन माझ्याकडे येऊ लागला तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. मी वीस मिनिटं तिथं पडून होते. झोप नाही आली. साडेतीन वाजले, चारला डायपर, साडेचारला चहा, चहा घट्ट करणाऱ्या पावडरीचं प्रमाण मावशीला सांगायचं राहिलं, ती आईला पातळ चहा देईल, ठसका लागेल. अंग गादीवर आणि बाकी सगळी मी घरी.

"हीच," मी उठून म्हणाले. कुशीवर होऊन, पाय सोडून उठले.

"साईज?"

मी अडीच फूट म्हणाले. चाचांनी टेप उघडली, अडीच फूट धरून दाखवले आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, एवढ्यात लहान मूल झोपतं. तीन फुटांखाली मी देणार नाही. कापून मागितली तरी नाही देणार. पाठ दुखणाऱ्या माणसाला वळायला जागा पाहिजे."

"तेवढी जागा नाही घरात."

"घर किती मोठं आहे?"

मी घर सांगितलं. सांगताना दादाच्या खोलीपाशी थांबले. त्यांनी पुढं विचारलं नाही. मी तीन फुटी सांगितली.

गादी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आली. दोघांनी ती उभी धरून आईच्या दारावरून नेली. आईनं बघितलं. मावशी आणि मी दादाची स्प्रिंगची गादी प्लास्टिकसकट भिंतीला उभी करून ठेवली आणि त्याच्या पाच फुटी पलंगावर माझी तीन फुटी गादी टाकली. बाजूला दोन फूट उघडी फळी राहिली.

"अगं, पलंगाच्या मापाची तर आणायची," मावशी म्हणाली.

"दादा आला की परत त्याची टाकता येईल."

मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि उघड्या फळीवर चादर ओढून घेतली.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. तिच्याशेजारी स्टुलावर बसून, तिचा चांगला हात धरून. "आई, मी आजपासून शेजारच्या खोलीत झोपणार. मावशी आहे तुझ्यापाशी. दार उघडं असेल."

"नाय," आई म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"नाय." मग उशीशेजारची ओढणीची पट्टी तिनं मुठीत घेतली आणि माझ्या मनगटाकडे ढकलली. "ये."

मी पट्टी घेतली नाही. आईचं अर्धं तोंड रडायला लागलं, अर्धं तसंच राहिलं. तिनं खिमटीचा चमचा जिभेनं बाहेर ढकलला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. तिच्या ओठांवरून ओघळणारी पेज पुसताना मी मनात गादी परत करायची वाक्यं जुळवत होते. चाचांना काय सांगायचं, टेम्पोवाल्याला काय सांगायचं.

"ठिव ती वाटी," मावशी दारातून म्हणाली. मग कॉटपाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "व्हय गं बाई, लेकीला कशाला रडवतीस? तुझी सासू पडून व्हती तीन वर्सं, तवा तू कुठं झोपायचीस?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. आजी अंथरुणाला खिळली होती आणि आई तीन वर्षं तिच्या उशापासून हलली नाही. नातेवाइकांत कुणी सेवेचं बोललं की ही गोष्ट निघायची. आई झटक्याच्या आधी स्वतःही सांगायची.

"आजीपाशीच ना?" मी म्हणाले.

"आजीपाशी!" मावशी जोरात हसली. "माळवदावर झोपायची ही. रातच्याला म्हातारीला निजवायची आन शिडी चढून वर. म्हातारी हाका मारून मारून गप बसायची. मी बाळंतपणाला हिच्याकडं आले व्हते तवा माझ्या डोळ्यांनं पायलंय. मला म्हणली, वर वारं लागतं गं, खाली जीव गुदमरतो. म्हणली का नाय? बोल की."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती चिडेल, रडेल. आई छताकडे बघत होती. मग तिचं चांगल्या बाजूचं तोंड हललं. आधी मला कळलं नाही की हे हसू आहे. ते फार लबाड हसू होतं, एखाद्या मुलीचं, जी आजवर सापडली नव्हती.

"व्हय," आई म्हणाली.

मग तिनं चार चमचे पेज खाल्ली. म्हणजे तिनं परवानगी दिली असं नाही. संध्याकाळी पुन्हा "ये, ये" सुरू झालंच. पण मी त्या बाईकडे पहिल्यांदाच जरा वेगळ्या नजरेनं बघत होते. आपण ज्या गोष्टीच्या मापानं स्वतःला इतकी वर्षं मोजलं ती गोष्ट तशी घडलीच नव्हती. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. जास्त करून मला त्या शिडीचा हेवा वाटला.

रविवारी दादाला मीच फोन केला. "मी तुझ्या खोलीत झोपायला लागले आहे."

"माझ्या? हां... ठीक आहे ना. पण आईजवळ कोण?"

"मावशी आहे. ती बुधवारी जाईल. त्यानंतर रात्रीची बाई लावायची."

"रात्रीची बाई? अनोळखी? आईला चालेल का?"

"नाही चालणार."

"मग?"

"मग तू ये राहायला," मी म्हणाले. आवाज चढवला नाही. लॅबमध्ये आम्ही रिपोर्ट सांगतो तसं सांगितलं. तिकडून वहिनीच्या टीव्हीचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, "बरं, बघ एखादी बाई." नेहमीचं वाक्य त्या दिवशी म्हणाला नाही.

बाई मिळाली, पण आठवड्यातले तीनच दिवस. उरलेल्या चार रात्री मी आईच्याच खोलीत असते. खाली झोपत नाही, घडीचा पलंग कपाट सरकवून कसाबसा बसवला आहे. तो आवाज करतो आणि पाठ सकाळी दुखते. पट्टी अजून बांधते. मी मोकळी झाले असं कुणाला सांगितलं तर ते खोटं होईल. सातातले तीन दिवस, एवढंच.

परवा बाईचा दिवस नव्हता, पण दुपारी आई गाढ झोपली होती म्हणून मी शेजारच्या खोलीत जाऊन गादीवर पडले. अंग पसरून, दार उघडं ठेवून. डोळा लागत होता तेवढ्यात हाक आली.

"ये."

मी पूर्ण जागी झाले. आवाज कसला आहे हे मला तिच्या सुरावरून कळतं. हा घाईचा नव्हता, दुखण्याचा नव्हता. मी उठले नाही.

"ये," थोड्या वेळानं परत.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सेकंदकाटा पूर्ण एकदा फिरू दिला. मग गेले. आईला पंखा कमी करून हवा होता. मी कमी केला. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं, कुठं होतीस असं विचारल्यासारखं, आणि डोळे मिटून घेतले.